मंदीत मांडव लहान करा, मेळावा मोडू नका

अमरावती-अकोल्यात दालमिल, जिनिंग, कृषी सेवा केंद्र किंवा एजन्सी चालवणाऱ्या मंडळींना कळकळीची विनंती आहे. धंदा मंदा आहे म्हणून यंदाचा कर्मचाऱ्यांचा मेळावा रद्द करू नका.

2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, तरी कित्येकांना त्याखालीच विकावं लागलं. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसला की आपला गल्लाही रिकामाच. मग खर्चाला कात्री लावताना पहिला नंबर मेळाव्याचा लागतो. मी नोकरीत असताना एका वर्षी असाच मेळावा ऐनवेळी रद्द झाला. कारण कोणी सांगितलं नाही. आठ दिवसांत ‘दुकान बंद होतंय’ अशी कुजबुज सुरू झाली आणि दोन चांगले विक्रेते सोडून गेले.

थाट मात्र नकोच. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकी सरकारने एआयजी या विमा कंपनीला 85 अब्ज डॉलरचा आधार दिला. त्यानंतर आठवडाभरात कॅलिफोर्नियातल्या आलिशान रिसॉर्टवर कंपनीचा मेळावा झाला, खर्च 4 लाख 40 हजार डॉलरच्या वर. लोक संतापले, ते योग्यच होतं.

म्हणून म्हणतो, हॉटेलचा हॉल, डीजे, भेटवस्तूंच्या पिशव्या सोडा आणि माणसांना सेमाडोहला न्या. परतवाड्यावरून घाट चढला की सिपना नदीकाठी जंगलातलं हे गाव लागतं. वन विभागाच्या पर्यटन संकुलात राहायची सोय आहे, तिचं आरक्षण आधी करा. पावसाळा टाळा, हिवाळा बरा.

सकाळी सतरंजीवर गोल बसा. मालकाने फळ्यावर स्वतःच्या हाताने तीन आकडे लिहावेत: विक्री किती, उधारी किती, पगाराला महिन्याला किती लागतात. पगार कापायचा असेल तर तिथेच सांगा, आणि आधी स्वतःचा कापा. मग गप्प बसून ऐका. गावोगाव फिरणाऱ्या पोराला बाजाराची नाडी तुमच्यापेक्षा जास्त कळते.

जेवण गावातूनच घ्या आणि इथली रबडी सगळ्यांना खाऊ घाला. पैसे त्याच दिवशी रोख द्या, उधारी ठेवू नका. मंदीत पर्यटक कमी आले की गाइड आणि जिप्सीवाल्यांचा रोज बुडतो. तुमच्या वीस-पंचवीस माणसांमुळे त्यांना हातभार लागेल. इथल्या कोरकू आदिवासी बांधवांना करमणुकीसाठी नाचायला लावू नका. त्यांचं नाचगाणं त्यांच्या सणाचं आहे. आणि हे व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, भोंगा लावू नका, प्लास्टिक टाकू नका.

चांगल्या दिवसांत माणसं आपल्याकडे पगारासाठी येतात, वाईट दिवसांत विश्वासावर टिकतात. तो विश्वास समोरासमोर बसूनच मिळतो. मांडव लहान करा, पण माणसांना बोलवा.