जुनी मोटार पारखतांना

मालवणाकडच्या एका वाचकगृहस्थांनीं आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. वडील मंडळींपैकीं दोघांस दर महिन्याला गोव्यांतील बांबोळीच्या इस्पितळांत न्यावें लागतें. प्रत्येक खेपेस भाड्याची गाडी परवडत नाहीं, आणि नवी मोटार घेण्याइतकी शिल्लक गांठीं नाहीं. तेव्हां वापरलेली मोटार घ्यावयाची व ती जपानी बनावटीची घ्यावयाची, येथपर्यंत सर्वांचें एकमत झालें आहे. पुढें मात्र घरांत चार पक्ष पडले आहेत. थोरले बंधु सुझुकी म्हणतात, धाकटे होंडा म्हणतात, पुण्याचे मेहुणे टोयोटाखेरीज दुसरें नांव घेत नाहींत, आणि कॉलेजांत शिकणाऱ्या पुतण्याला निसान फार स्वस्तांत मिळत आहे. "या चौघांत अधिक भरंवशाची कोणती?" असें त्यांनीं विचारलें आहे.

प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. सोयरीक जुळवितांना आपण प्रथम घराणें पाहतों हें खरें. परंतु घराणें पसंत पडलें म्हणजे माणूस पाहावयाचें राहूं देत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र चांगलीं शिकलेलीं माणसेंहि घराण्यापाशींच थांबतात. आम्हीहि एकदां तसेंच थांबलों होतों, आणि त्याची किंमत कशी मोजावी लागली तें पुढें सांगणारच आहों. आधीं घराणीं पाहूं.

सुझुकीचा आपल्याशीं परिचय सर्वांत जुना. १९८२ सालीं मारुति उद्योगाशीं तिचा करार झाला आणि १९८३ च्या डिसेंबरांत पहिली मारुति ८०० ग्राहकाच्या हातीं पडली. पुढें वॅगन-आर, अल्टो, स्विफ्ट, एर्टिगा अशी तिची प्रजा वाढत गेली. गेल्या चाळीस वर्षांत कुडाळ, कणकवली, सावंतवाडी येथल्या मेस्त्र्यांचे हात या यंत्रावर इतके बसले आहेत कीं, नुसत्या आवाजावरून ते दुखणें सांगतात. सुटे भागहि सहज व माफक दरांत मिळतात. उणीव ही कीं, पूर्वींच्या कित्येक हलक्या गाड्या अपघातांत आंतील माणसांस पुरेसें राखीत नसत. २०१४ सालीं ग्लोबल एनकॅप या संस्थेनें घेतलेल्या चाचण्यांत एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० व स्विफ्ट यांस प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठीं एकहि तारा मिळाला नव्हता.

होंडाची सिटी १९९८ सालीं आपल्याकडे आली. तिचें पेट्रोल इंजिन शांत व दीर्घायुषी, ही कीर्ति खोटी नाहीं. परंतु ती बसकी गाडी आहे. जांभ्याच्या चढउतारांवर व खड्ड्यांच्या पाणंदींवर तिचें पोट घासतें, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांस तींत खालीं वांकून बसणें व पुन्हां उठणें ही शिक्षाच होते.

टोयोटाच्या हिंदी शाखेशीं जोडलेलें किर्लोस्कर हें नांव आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या घराण्याच्या भागीनें १९९७ सालीं ही कंपनी निघाली. तिचा कारखाना बंगळूरजवळ बिडदी येथें आहे. २००० सालीं क्वालिस व २००५ सालीं इनोव्हा आली. इनोव्हाचा टिकाऊपणा निर्विवाद. म्हणूनच ती जुनी झाली तरी स्वस्त होत नाहीं. शिवाय पुष्कळ इनोव्हा प्रवासी भाड्यावर लाखों किलोमीटर धांवून मग खासगी पाटी लावून विक्रीस येतात, हेंहि ध्यानांत ठेवावें. जातां जातां एक गंमत सांगतों: २०१९ पासून विकली गेलेली टोयोटाची ग्लान्झा म्हणजे वस्तुतः सुझुकीची बलेनोच आहे. तेव्हां मेहुणे आणि थोरले बंधु यांचा तंटा एका गाडीपुरता तरी मिटावयास हरकत नाहीं.

निसाननें २०१० त मायक्रा व २०११ त सनी आणली. तिचेंच दुसरें नांव जें डॅटसन, तें २०१४ त आलें आणि २०२२ त बंद झालें. मायक्रा व सनी यांचीहि नवी विक्री आतां होत नाहीं. यंत्र म्हणून त्या वाईट नव्हत. पण एखादा सुटा भाग दूरवरून मागवावा लागला कीं, गाडी चार दिवस दारांत उभी राहते. पुतण्यास ती स्वस्त मिळते आहे, ती याच भीतीपोटीं.

सारांश, या चार घराण्यांत कुळाला कलंक लावणारें एकहि नाहीं. मग फसगत होते ती कोठें?

२०२१ च्या दिवाळींत आम्हीं घाटावरच्या एका शहरांतील व्यापाऱ्याकडून अशाच एका नामांकित जपानी घराण्याची मोटार घेतली. रंग आरशासारखा, बैठकी नव्या, मीटरवरचा आंकडा लहान. घरांतील सर्वांनीं तिला पेढ्यासह ओवाळलें. पुढच्या भाद्रपदांत एका पहांटे आमच्या थोरल्या काकूंच्या छातींत कळा येऊं लागल्या. त्यांना घेऊन बांबोळीकडे निघालों, आणि बांद्याच्या अलीकडे, मुसळधार पावसांत, गाडीचे दिवे एकाएकीं विझले. पाठोपाठ इंजिनहि बंद पडलें. अर्धा तास आम्ही रस्त्यावर उभे होतों. शेवटीं मालवणाहून गोव्याकडे मासळी नेणारा एक टेम्पो थांबला. जन्मभर सोवळ्यांत वावरलेल्या आमच्या काकू त्या टेम्पोंत चालकाशेजारीं बसून इस्पितळांत पोंचल्या, आणि वेळेवर पोंचल्या म्हणूनच वांचल्या. आम्ही पैशांचें बोलूं लागतांच तो चालक म्हणाला, "आजयेक आधी बसवा, पैशांचा मागीर बघूया." मागाहूनहि त्यानें कांहीं घेतलें नाहीं.

मेस्त्रीनें गालिचा उचलला तेव्हां खालीं वाळलेला गाळ निघाला. तारांचीं टोकें हिरवीं पडलीं होतीं. २०१९ च्या ऑगस्टांत कोल्हापूर-सांगलीकडे जो महापूर आला, त्यांत ती गाडी बुडाली होती. विम्याच्या नोंदींत तें लिहिलेलेंहि होतें. आम्हीं नांव वाचलें, नोंद वाचली नाहीं. नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा! त्या व्यापाऱ्यानें लबाडी केली खरी. पण आम्हीं आळस केला, हेंहि तितकेंच खरें.

तेव्हां या किनाऱ्यावर मोटार घेणारानें पाणी आणि मीठ हे दोन शत्रु प्रथम ओळखावे. मुंबईचा २६ जुलै २००५ चा प्रलय, २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा पूर, २०२१ च्या जुलैंतील चिपळूणचा पूर, अशा प्रत्येक संकटानंतर बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारांत येतात. त्या ओळखण्याची रीत अवघड नाहीं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आंत गाळाची रेघ राहिलेली असते. डिकींतील स्टेपनी उचलून खालचा खड्डा पाहावा. बैठकींच्या खालच्या लोखंडी पट्ट्या व खिळे गंजले आहेत काय तें पाहावें. कांचा बंद करून दहा मिनिटें आंत बसावें. अत्तराचा वास फार येत असेल तर तो कशावर पांघरूण घालतो आहे याचा शोध घ्यावा.

मिठाचें काम याहून संथ आहे. मालवणासमोर १६६४ सालीं सिंधुदुर्ग बांधावयास घेतला तेव्हां समुद्राची खोड ओळखून पायाच्या दगडांत शिसें ओतलें, असें सांगतात. आपण मात्र देवबाग-तारकर्लीच्या खाऱ्या वाऱ्यांत दहा वर्षें उघड्यावर उभी राहिलेली गाडी, "फार कमी चालली आहे" एवढ्यावर भुलून घेतों! त्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि चाकांनीं उडविलेला तांबडा चिखल. दारांच्या खालच्या कडा, जॅक लावण्याच्या जागा, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या, हीं सर्व गाडी वर उचलून मेस्त्रीकडून पाहून घ्यावीं. आमचें मत असें कीं, किनाऱ्यावर तीस हजार किलोमीटर चाललेल्या गंजक्या गाडीपेक्षां घाटावरच्या कोरड्या हवेंत ऐंशी हजार चाललेली व वेळच्या वेळीं तेलपाणी झालेली गाडी केव्हांहि बरी. मीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो. पायाखालीं झिजलेलीं पेडलें व सर्व्हिसिंगच्या नोंदी मागें फिरवितां येत नाहींत. टायरांवरहि चार आंकडी खूण असते. तींतील पहिले दोन आंकडे आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात.

दमट हवेचा आणखी एक धोका फार थोड्यांस ठाऊक आहे. टकाटा या जपानी कंपनीनें केलेल्या कित्येक एअरबॅगांतील अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षें उष्ण व दमट हवेंत राहिल्यानें बिघडतें, आणि पिशवी फुगतांना तिची धातूची डबी फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येतात. जगभर कोट्यवधि मोटारी यासाठीं परत बोलावाव्या लागल्या व २०१७ सालीं त्या कंपनीचें दिवाळें निघालें. आपल्याकडेहि होंडा, टोयोटा व निसान यांनीं आपापल्या कांहीं जुन्या गाड्या परत बोलाविल्या. असा भाग फुकट बदलून मिळतो. पण बदलला आहे कीं नाहीं, तें चॅसिस क्रमांक देऊन त्या कंपनीच्या विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावें. मालवणच्या हवेंत ही चौकशी टाळणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे.

आतां कागद. नोंदणीपुस्तकावरील चॅसिस व इंजिनाचे क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर वाचून ताडावे. कर्ज फिटलें असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५, नांव बदलण्यास नमुना २९ व ३० लागतात. गोव्याची गाडी स्वस्त दिसते. पण परराज्यांतील गाडीस तेथील नमुना २८ चा दाखला हवा, बारा महिन्यांहून अधिक येथें ठेवावयाची तर एमएच ०७ चा क्रमांक घ्यावा लागतो, आणि येथला कर भरावा लागतो. हा सर्व हिशेब किमतींत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें पांच-पांच वर्षांनीं तपासणी करून वाढवावी लागते, हेंहि विसरूं नये.

प्रश्नकर्त्या गृहस्थांस आमचा सल्ला असा. अकरा माणसांसाठीं गाडी घेऊं नका. ज्या दोघांस इस्पितळांत न्यावयाचें आहे त्यांच्यासाठीं घ्या. सौदा करण्यापूर्वीं त्यांनाच गाडींत बसवून, उतरवून पाहा. उंच बैठकीची वॅगन-आर त्यांस सोयीची पडेल. सातजणांची गरज खरोखरच असेल व पैसा पुरत असेल तर एर्टिगा किंवा इनोव्हा पाहा. शक्य तर २०१९ च्या जुलैनंतरची गाडी घ्या, कारण तोंवर चालकासाठीं एअरबॅग व एबीएस ब्रेक सर्व नव्या गाड्यांस सक्तीचे झाले होते. शेजारच्या बैठकीची एअरबॅग २०२२ च्या आरंभापासून सर्वांस लागू झाली. सकाळीं थंड इंजिन आपल्या हातानें सुरू करा, आणि मग आंबोली किंवा फोंडा घाट चढून पाहा. सपाट रस्त्यावर सर्वच गाड्या गुणी असतात. किमतीचा दहावा हिस्सा पहिल्या दुरुस्तीसाठीं बाजूला ठेवा. आणि गांवांतला जो मेस्त्री पुढें ती गाडी सांभाळणार, त्याला त्याची मजुरी देऊन सोबत न्या. तो "नको" म्हणाला तर घरांतील चारहि पक्षांनीं मुकाट्यानें परत यावें.

आम्हीं दुसऱ्या खेपेस असेंच केलें. घाटावरच्या एका निवृत्त शिक्षकांची साधी वॅगन-आर घेतली. रंग विटका, पण प्रत्येक तेलबदलाची पावती वहींत चिकटविलेली. काकू आतां तींतून दर महिन्यास बांबोळीला जाऊन येतात. शेजारीं कोणीं नवीजुनी गाडी आणली कीं, त्या पेढा हातांत घेतात, आणि तोंडांत टाकण्यापूर्वीं विचारतात, "हिच्या पोटाखालीं वांकून पाहिलेंत ना?"