बंब नगराचा, रुग्णवाहिका राज्याची

आग लागली तर १०१ आणि माणूस जखमी झाला तर १०८, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहे. परंतु जेथे वाहन पेटते, माणूस पत्र्याखाली अडकतो आणि त्याचा रक्तस्रावही चालू असतो, तेथे प्रथम कोणता क्रमांक फिरवावा, याचे उत्तर कोणत्याही पाठात नाही.

कारंजा लाडला हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार येथे भरू लागला. कापसाच्या गावाला आगीचे भय ठाऊकच असते. नवे आहे ते तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचे. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच मार्गावर, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, खासगी बस उलटून पेटली; २५ प्रवासी प्राणास मुकले. बस दरवाजाच्याच अंगावर आडवी झाल्याने बाहेर पडण्याची वाट बुजली होती. त्या आगीपुढे कोणाचेही सहकार्य कितपत पुरले असते, हे सांगणे कठीण आहे. पण प्रत्येक अपघात इतका तत्काळ घात करीत नाही.

काही अपघातांत माणूस काही काळ जिवंत अडकून असतो, आणि खरी कसोटी तेथेच लागते. पत्रा कापण्याचे साधन व कसब अग्निशामकाकडे, तर शिरेतून द्रव देण्याचे ज्ञान रुग्णवाहिकेतील डॉक्टरकडे. दीर्घकाळ दबलेला पाय उपचाराविना एकदम मोकळा केला, तर चिरडलेल्या स्नायूंतील घातक द्रव्ये रक्तात मिसळून हृदय बंद पडू शकते. म्हणजे सुटकाच प्राणघातक ठरावयाची. उलटपक्षी, गाडीची बॅटरी तोडण्यापूर्वी आणि सांडलेल्या इंधनाचा बंदोबस्त होण्यापूर्वी डॉक्टर आत शिरला, तर त्याचाच जीव धोक्यात. आधी काय व नंतर काय, हे दोघांनी मिळून ठरवावयाचे असते, आणि ते घटनास्थळी प्रथमच ओळख होत असताना ठरत नाही.

ही ओळख आधी का होत नाही? दोघांचे धनी वेगळे, हे त्याचे कारण. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हे नगरपालिकांच्या कामांत घातले. बंब नगर परिषदेचा. १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली ती राज्याच्या आरोग्य विभागाची. ती चालविणारा ठेकेदार, तिचे नियंत्रण केंद्र पुण्यात. एकाचा हिशेब मुख्याधिकाऱ्यापुढे, दुसऱ्याचा कराराच्या अटींपुढे. महामार्गाच्या महामंडळाची मदतवाहने निराळीच. पॅरिसमध्ये रुग्णवाहिकाही अग्निशामकच चालवितात. ती व्यवस्था येथे उचलून आणता येणार नाही, आणि तिची गरजही नाही. केंद्राने योजलेला ११२ हा सामाईक क्रमांक उपयुक्त खरा, परंतु क्रमांक एक झाला म्हणून माणसे एकत्र काम करू लागतात, असे नव्हे.

अधिकार मात्र उपलब्ध आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात व विविध खात्यांत समन्वय घडविणे हे त्या प्राधिकरणाचेच काम आहे. वाशीमच्या जिल्हाधिकाऱ्यांनी नगर परिषद, १०८ व महामंडळ यांस एका टेबलाशी बसवावे: एकास वार्ता मिळताच त्याने दुसऱ्यास कळवावे, घटनास्थळी आज्ञा कोणाची चालेल ते लिहून ठेवावे, आणि पावसाळ्यापूर्वी व कापसाच्या हंगामापूर्वी अशा वर्षातून दोन संयुक्त कवायती कारंज्यातच घ्याव्यात. त्यासाठी लागेल ती भंगारातील एक गाडी आणि दोन सकाळी.