'पाहू पुढे'

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली. त्याआधीच नगर रस्त्याच्या दुतर्फा उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुलाच्या नोकरीसाठी येथे आलेली कित्येक वृद्ध जोडपी, मुलगा परदेशी गेल्यावर येथेच मागे राहिली. निवृत्तिवेतन, वीजबिल, औषधे, सारे आता मोबाईलवर. दोघांपैकी एकाचे स्मरण ढळू लागले की घरोघरी एकच उत्तर मिळते: 'अजून तसे काही नाही. पाहू पुढे.'

या 'पाहू पुढे'शी आमचे भांडण आहे.

स्मृतिभ्रंशात माणसे ओळखेनाशी होण्याच्या कितीतरी आधी पुष्कळदा पैशाचा व्यवहार डळमळतो. तेच बिल दोनदा भरले जाते. फोनवरचा परका आवाज पोलिसाचा वाटतो. 'डिजिटल अरेस्ट' अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून सांगितले. परंतु सकाळी ऐकलेले ज्याला संध्याकाळी आठवत नाही, त्याला सावध करून काय साधणार? सावधगिरी स्मरणावरच उभी असते. म्हणून बंदोबस्त माणसाच्या डोक्यात नव्हे, खात्यात हवा.

'वेळ आली तर मुखत्यारपत्र आहेच,' असे काही मुले निश्चिंतपणे म्हणतात. त्यांनी १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २०१ वाचावे. मुखत्यारपत्र देणारा विकल मनाचा झाला की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी कागद केला, नेमका त्याच दिवशी तो निकामी! पुढे पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढणे आले.

घाईची मुलेही आहेत. ती बाबांच्या हातून फोन काढून घेतात, पासवर्ड गुपचूप बदलतात आणि याला काळजी म्हणतात. आम्ही म्हणत नाही. ज्याने चाळीस वर्षे घर चालवले, त्याला भाजीवाल्याचे वीस रुपयेही देता येऊ नयेत? बुद्धी मंदावलेल्या पित्याचा विचार बेन सिराच्या पुस्तकाने ख्रिस्तजन्मापूर्वीच केला आहे. आमच्या कुटुंबांना अजून सवड झालेली नाही.

निर्णय पती-पत्नींनी मिळून घ्यावा, आणि ज्याचे स्मरण चालले आहे तो 'हो' म्हणू शकतो तोवरच घ्यावा. ठेवी मोबाईलला न जोडलेल्या खात्यात. रोजच्या खर्चापुरते पैसे दुसऱ्यात. यूपीआयची मर्यादा उतरवलेली. येथे खरी अडचण निराळीच निघते. कित्येक घरांत बँकेचे सर्व काम 'यांच्याकडे' असते, आणि पत्नीने आयुष्यात कधी पासबुकही भरून आणलेले नसते. तिला आज शिकवा. जोडीदाराची साथ आजारपणातही देण्याचे वचन वेदीसमोर दोघांनीही दिले होते.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. ग्राहकाच्या हातून ओटीपी गेला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच, असा नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घातला. १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवा. आणि तो दोघांपैकी कोणी फिरवायचा, हेही आजच ठरवा.