प्रतिशब्द म्हणजे कोडे नव्हे

वर्तमानपत्रातले मराठी शब्दकोडे बहुधा एवढेच विचारते: ‘कमळ, तीन अक्षरे’. पंकज, नीरज की सरोज? डोके लढवायला वावच नाही. उभा शब्द सुटेपर्यंत थांबायचे. याला मी पाठांतराची परीक्षा म्हणते.

खरे अडणे वेगळे. ‘रायपुरात मिळाली तर अभिमान, पुण्यात मिळाली तर अपमान; दोन घरे.’ इथे कोश चाळून उपयोग नाही. वाक्य एकाच भाषेत वाचायचा हट्ट सोडला की गाठ सुटते: शिक्षा. फोन हेच उत्तर क्षणात देईल, पण वाचन बदलल्याचा आनंद देणार नाही. अनुवादातही अडलेले वाक्य असेच सुटते. दहावा प्रतिशब्द शोधून नव्हे, पहिला अर्थ सोडून.

यावर आक्षेप ठरलेला: असली कोडी इंग्रजीला शोभतात, देवनागरीच्या घरात अख्खे अक्षर बसते, उलटापालट फारशी जमत नाही. न जमो. श्लेष तर जमतो! नाव घेण्यापुरता उरण्याआधी उखाणा कोडेच होता आणि संतांनी कूट अभंग रचले.

आमच्या रायपुरी मराठीला हिंदीचा वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे: याच छत्तीसगडात 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्र्यांनी पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. दोन भाषांत वावरणारा कान हा दोष नव्हे, किल्ली आहे. कोडेकारांनो, ती वापरायला लावा. आम्हाला नीट अडवा.