गोळी मिळेल, पण झोप कोण देणार?

दसरा-दिवाळी सरली की तेलगाव परिसरातल्या वस्त्या ओस पडतात. उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे 'एक कोयता', फडावर जाते. अशा कोयत्यातल्या एखाद्याला बायपोलर आजार असेल तर?

तेजीत तो रात्र-रात्र झोपत नाही, उसनवारी करून पैसा उधळतो. लोक म्हणतात, अंगात आलंय. पुढे उदासी येते, अंथरुणातून उठवत नाही. मग तोच माणूस कामचुकार ठरतो. आधी देवऋषी, नंतर शिव्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांनी तरी ही वाट सोडायला हवी.

हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. १९४९ पासून लिथियमचा उपयोग माहीत आहे. पण गोळीने लाट ओसरते. माणूस रोजच्या कामाला उभा राहायला वेळेवर झोप, ठरलेली दिनचर्या आणि सोबत लागते. झोप मोडली की तेजी उसळू शकते. लिथियम चालू असताना उन्हात अंगातलं पाणी कमी झालं तर विषबाधेचा धोका असतो, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावं लागतं. फडावर मात्र पहाटे तोड, रात्री गाडी भरणं, डोक्यावर ऊन आणि खाडा पडला की दंड!

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराचे तास घड्याळाने बांधले जावेत यासाठी ते लढले. ऊसतोड्याला आजही घड्याळ नाही, फक्त टन आहे. म्हणून या आजाराचा प्रश्न आम्ही श्रमाचा आणि जातीचाही प्रश्न मानतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क केला, साखळीने बांधण्यावर बंदी घातली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे. मग आमच्या मागण्या साध्या आहेत : प्राथमिक आरोग्य केंद्रात ही औषधं नियमित मिळावीत, फडावर जाताना पूर्ण हंगामाच्या औषधांची आणि तिथल्या रक्त तपासणीची सोय व्हावी, ऊसतोड कामगार महामंडळाने आजारपणाच्या खाड्याचा दंड बंद करावा.

आणि मित्रांनो, थोडं आपलंही. जयंतीच्या वर्गणीतून अंबाजोगाईच्या सरकारी मानसोपचार विभागापर्यंतचं एका पेशंटचं भाडं निघू शकतं. विहारात १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर लिहिता येतो. आजारी भावाला 'येडा' म्हणणाऱ्याला तिथंच थांबवता येतं. एवढं तरी करू.

जय भीम!