कार्ट नंबर सात आज बंद

आठवीच्या मुलींच्या सहलीत किल्ला, बाग आणि दुपारचे जेवण एवढ्यात दिवस निघून जाईल, असे आम्हाला वाटले होते. मुलींचा बेत वेगळाच होता. वाटेवर एक गो-कार्टचा ट्रॅक आहे, तिथे थांबायचे. कुणाच्या तरी मामेभावाचा व्हिडिओ सगळ्या वर्गाने पाहिलेला. मुख्याध्यापकांनी नेहमीप्रमाणे जबाबदारी आमच्या गळ्यात घातली. "टीचर, तुम्ही आधी बघून या. तुम्ही हो म्हणालात तर हो."

म्हणून एका रविवारी फज्रनंतर चहा घेऊन आम्ही निघालो आणि साडेसातलाच तिथे पोहोचलो. तिकीट खिडकी दहाला उघडते हे तिथे गेल्यावर कळले. परत फिरणार, तेवढ्यात आत जमिनीवर बसून चाकाशी खटपट करणारा एक तरुण आमच्याकडे पाहून ताडकन उठला. फडक्याला हात पुसत म्हणाला, "अस्सलामु अलैकुम टीचर. ओळखलंत?"

नाव आठवेना, हजेरी क्रमांक आठवला. शिक्षकांना हा आजारच असतो. तेवीस नंबर, खिडकीजवळचा बाक. आणि प्रगतिपुस्तकात आम्हीच लिहिलेला शेराही आठवला. आम्ही काही बोललो नाही, पण तोच हसून म्हणाला, "हुशार आहे, पण निष्काळजी. अब्बांनी महिनाभर ऐकवलं होतं ते."

आता त्याच्याकडे बारा कार्ट आहेत. रोज सकाळी ट्रॅक उघडण्याआधी त्या बाराही तपासायच्या, हे त्याचे काम. आम्ही एका टायरच्या ढिगावर बसून ते पाहिले.

कार्ट म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार लहान चाके, एक सीट आणि सीटच्या बाजूला पेट्रोलचे इंजिन. खेळ मूळचा अमेरिकेचा. 1956 मध्ये कॅलिफोर्नियात गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली कार्ट बनवली गेली. स्कूटरला असतात तसे शॉकॲब्सॉर्बर या गाडीला नसतात. त्यामुळे प्रत्येक धक्का थेट सांगाड्याला आणि नट-बोल्टना बसतो. काल रात्री घट्ट आवळलेला नट आज सकाळी तसाच असेल याची खात्री नाही. म्हणून पहिले काम पान्याचे. चारही चाकांचे नट, मग सीटचे बोल्ट, मग स्टेअरिंगखालचे दांडे आणि त्यांच्या स्प्लिट पिना. स्टेअरिंग धरून तो हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवतो. हात फिरला आणि चाक फिरले नाही, तर मधे कुठेतरी ढिलाई आली.

मग हवा. चारही टायरांत गेज लावून. एका टायरात हवा कमी असली की गाडी त्या बाजूला ओढते, आणि चालवणारा तर नवखा असतो. मग चेन. फार ढिली असेल तर उतरते, फार ताणलेली असेल तर तुटते. वरचे झाकण जागेवर आहे ना, हे हात लावून पाहायचे. पेट्रोलची नळी तो चक्क हुंगून पाहतो.

सर्वात जास्त वेळ तो दोन पेडलांवर घालवत होता. अशा कार्टला ब्रेक फक्त मागच्या आसाला असतो, तो गेला तर दुसरा नाही. डावे पेडल आधी हाताने दाबायचे, मग पायाने. ते दगडासारखे लागले पाहिजे. उजवे पेडल दाबून सोडायचे, ते टक्कन परत आले पाहिजे. स्प्रिंग थकली किंवा केबल अडकली, तर मूल पाय काढते आणि गाडी मात्र धावतच राहते. "टीचर, घाबरलेलं मूल काय करतं? दोन्ही पेडल एकदम दाबतं. म्हणून दोन्ही रोज बघायची."

सगळे झाल्यावर खराटा घेऊन तो पूर्ण ट्रॅक चालला. वळणावरची खडी, झाडाखालची ओली पाने, काल सांडलेले तेल. कडेच्या टायरांच्या भिंतीला लाथ मारून बांधणी पाहिली. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते वाकून पाहिले. हेल्मेट उलटी करून तडे पाहिले, हनुवटीखालचे पट्टे ओढून पाहिले. आणि शेवटी बिस्मिल्लाह म्हणून प्रत्येक कार्ट स्वतः एक फेरी चालवली. सरळ रस्त्यावर एका ठरलेल्या जागी जोरात ब्रेक मारायचा.

सात नंबरची कार्ट त्या जागेपासून पुढे गेली, मग थांबली. त्याने खाली वाकून पाहिले, ब्रेक ऑइल झिरपत होते. ढकलत ती शेडमध्ये नेली आणि नोंदवहीत लिहिले, "कार्ट नंबर सात आज बंद."

नऊच्या सुमाराला मॅनेजर आले. रविवार, दोन वाढदिवसांचे बुकिंग. सात नंबर शेडमध्ये पाहून ते चिडले. आम्ही पाहुणे बसलेलो, याचीही भीड नाही. "संध्याकाळपर्यंत चालव. हळू चालवायला सांग पोरांना."

"हळू चालवायला सांगतो साहेब. थांबायला कसं सांगू?"

मॅनेजर काही न बोलता आत गेले. आम्हाला मात्र धडकी भरली. हा घरातला एकटा कमावता, आई दम्याची, हे बोलण्यात आले होते. हलक्या आवाजात विचारले तर म्हणाला, याआधीच्या जागी अशाच एका गाडीवरून काम गेले होते, दोन महिने घरी बसलो. "रोजी देणारा अल्लाह आहे टीचर," एवढेच म्हणून तो कामाला लागला. हे वाक्य आपण किती सहज वापरतो! पगार पणाला लावून म्हणणारा आम्ही फार दिवसांनी पाहिला.

मग त्याने कपाटातून एक जुनी नोंदवही काढली. त्याच्या आधीच्या माणसाची. पानामागून पान, बारा कार्ट, बारा बरोबरच्या खुणा, खाली सही. "वर्षभरात एकही गाडी बिघडली नाही टीचर. असं होतं का?"

आम्ही वही मिटून परत दिली. ती जरा लवकरच मिटली, कारण तशीच एक वही आमच्या शाळेत आहे. शालेय पोषण आहाराची खिचडी मुलांच्या ताटात पडण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि चव नोंदवहीत लिहायचे, असा नियम आहे. आमच्याकडे ते काम पाळीने येते. आठवडाभराच्या सह्या आम्ही शनिवारी एकदम केलेल्या आहेत. प्रत्येक दिवसापुढे "चव चांगली". मुले अमानत आहेत, असे पालकसभेत आम्हीच बोलतो. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू पाहणाऱ्या माणसाला हुजूर (स.) यांनी काय सांगितले, ती हदीसही आम्हीच वर्गात समजावतो. दोरी आवळायची पाळी आली की सही करून मोकळे.

आता ओढणीचे. ही गोष्ट घरोघरी कळावी म्हणून सविस्तर लिहितो. कार्टमध्ये आपण जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर बसतो आणि पाठीमागेच फिरणारा आस असतो. मोकळा केस, ओढणीचे टोक, बुरख्याचा घेर त्यात गेला की गाडी थांबेपर्यंत ओढला जातो. फेब्रुवारी 2018 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या बागेत नवऱ्यासोबत फिरायला आलेल्या एका तरुण बाईचा जीव असाच केस अडकून गेला. ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादजवळ गुर्रमगुडा येथे इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीचाही. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून जाळी हवी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चा नियम 123 सांगतो. कार्ट सार्वजनिक रस्त्यावर येत नाही, तिला नंबरप्लेट नाही, आरटीओचे पासिंग नाही. सकाळी पाना घेऊन बसणारा माणूस हेच तिचे पासिंग.

तेवीस नंबरने स्पष्ट सांगितले, "ओढणी बसमध्ये ठेवायची. वेणी अंबाड्यात. बुरखा घालून बसू देणार नाही, कुणी कितीही रागावलं तरी."

पालकसभेत व्हायचे तेच झाले. एका वालिदांना हा आपल्या पोशाखाचा अपमान वाटला. एक अम्मी म्हणाल्या, मग मुलींनी जाऊच नये, मुलांना न्या. आम्ही दोघांचेही ऐकून घेतले, कारण ही काळजी खोटी नसते. मग पिशवीतून कापडी टोपी काढून दाखवली. हेल्मेटखाली घालतात ती. डोके, कान, मान सगळे झाकते, फक्त चेहरा उघडा. टोक कुठेही लोंबत नाही. शर्यतीत उतरणारे मोठमोठे चालक अशीच टोपी घालतात. अम्मींनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, शिवण तपासली आणि म्हणाल्या, "ही तर मी घरी शिवून देईन." वालिद गप्प होते, पण संमतिपत्रावर सही त्यांनीच पहिल्यांदा केली. पूर्ण वाचून केली, हेही सांगायला हवे. ट्रॅकवाल्यांनी सहीसाठी दिलेला कागद आम्ही स्वतः त्या रविवारी न वाचताच घडी करून पर्समध्ये टाकला होता.

सहलीच्या दिवशी अल्हम्दुलिल्लाह सगळे नीट झाले. लांब कमीज बाजूने गुंडाळून पिनांनी टाचलेल्या, डोक्यावर काळ्या टोप्या, अशा मुली कार्टमध्ये बसल्या तेव्हा आमच्याच आम्हाला ओळखू येईनात. तिसऱ्या फेरीला लाल झेंडा आला आणि सगळ्या गाड्या थांबल्या. एकीची वेणी टोपीतून निसटली होती. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, वेळ वाया गेला म्हणून. तेवीस नंबर शांतपणे चालत गेला, तिला उतरवले आणि आमच्याकडे पाठवले. आम्ही अंबाडा घातला, पिना लावल्या, टोपी खाली ओढली. मग हिरवा झेंडा. त्या दिवशीही ट्रॅकवर अकराच गाड्या होत्या. यावेळी तीन नंबरची बंद होती.

सोमवारी दुपारी स्वयंपाकाच्या मावशींनी सवयीने नोंदवही आणि पेन पुढे केले. आम्ही चमचा मागितला. त्या जरा गोंधळल्या, मग वाटीत खिचडी घेऊन आल्या. मीठ कमी होते. तसे लिहिले, आणि मुलांना वाढायला त्या दिवशी दहा मिनिटे उशीर झाला.