साधेपणा कुणाला शिकवता?

सध्या साधेपणाची लाट आली आहे. कमी वस्तूंत जगा, यंत्रापासून दूर राहा, हाताने काम करा, खेड्याकडे चला. सांगणाऱ्यांची पोटे भरलेली आहेत, गावाकडच्या जमिनी सातबाऱ्यावर सुरक्षित आहेत. आमचा त्यांना प्रश्न आहे : हे कुणाला सांगता?

ज्यांच्या आज्या-पणज्यांवर कमी वस्तूंत जगण्याची सक्तीच होती, त्यांना? 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावाची हकीगत दिली आहे. अस्पृश्यांनी आपल्याच माणसांच्या पंगतीत तूप वाढले, म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन चालून आले. तूप त्यांचे, पाहुणे त्यांचे. गुन्हा एवढाच की त्यांनी 'साधे' जेवायला नकार दिला! 1927 साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना लुगडे नेसायची जातीची खूण ठरलेली तऱ्हा सोडायला सांगितले, ते उगीच नव्हे.

1945 साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधाची चिरफाड केली. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सुटका हवी, सवड हवी. सवडीशिवाय संस्कृती नाही आणि सवड यंत्राशिवाय नाही. दोष यंत्राचा नव्हे, ज्या समाजरचनेत ते चालते तिचा.

हे पुस्तकी वाटत असेल तर दिवाळीच्या आसपास कंधार, मुखेड, जळकोट या तालुक्यांत जा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पाचटाच्या कोपीत राहायचे. पहाटे अंधारात फडात, रात्री गाडी येईल तेव्हा मोळ्या भरायच्या. वीज नाही, नळ नाही, संडास नाही. साधेपणाच्या प्रचारकांनी इथे एक हंगाम काढावा. सगळे हातानेच आहे.

आता ऊसतोडणीची यंत्रे येत आहेत. आम्ही त्यांच्या विरोधात नाही. कोयत्यात कसली आली संस्कृती? पण यंत्राची किंमत कोटीच्या घरात, अनुदान मिळाले तरी उरलेला पैसा कुणाकडे आहे? यंत्र बागायतदाराचे झाले तर सवडही त्याचीच. कोयतेवाल्याच्या वाट्याला बेकारी.

आणि भावांनो, आता घरचे बोलू. उचल फक्त पोटासाठी घेतली जात नाही. लग्नात डीजे लागतो, मांडव लागतो, हुंडाही लागतो. बौद्ध पद्धतीचे लग्न तासाभरात, वंदना आणि हारांत होते. ते सोडून तीन दिवसांचा थाट करायचा आणि नवी नवरी पहिल्याच हंगामात फडावर! लोक काय म्हणतील याची इतकी भीती असेल तर मुकादमाने कोयता हातात दिल्यावर तेच लोक काय म्हणतात, तेही ऐका. एवढ्यापुरता साधेपणा आम्हाला मान्य आहे, कारण त्याने माणूस मुकादमाच्या वहीतून सुटतो. चांगले कपडे, चांगले घर, मुलीचा लातूरचा क्लास, पुस्तके यांवर मात्र खुशाल खर्च करा.

या हंगामाआधी गावोगावच्या टोळ्यांनी आपल्या सहकारी संस्था नोंदवाव्यात आणि तोडणी यंत्राचे अनुदान व बँकेचे कर्ज आधी अशा संस्थांना द्या, ही मागणी घेऊन नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर जावे. अर्जाचा मसुदा करायला आम्ही बसायला तयार आहोत. टोळीतल्या बायांची नावे सभासद म्हणून आधी लिहा.